गार हाताची पोपटी

"आज गोणपाट घ्या हातात," आई म्हणाली. "एवढं एक ऐका माझं."

दादा, म्हणजे माझे वडील, परसात उकिडवे बसून मडक्याच्या बुडाशी भांबुर्डीचा पाला दाबत होते. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"गोणपाट? हिरामण मोकल गोणपाट घेणार? तेपण पावण्यांसमोर?"

"ओलं करून ठेवलंय. नुसतं धरायचं."

"अगं, लोक माझा हात बघायला येतात."

"आज पोरगी बघायला येतायत," आई म्हणाली.

पोरगी म्हणजे मी. मी बाजूला बसून वालाच्या शेंगा निवडत होते आणि आपलं नाव निघाल्यावर मुलीनं जशी मान खाली घालायची असते तशी घातली होती. मनात मात्र आईचा राग आला. दादा उत्साहात होते, ऊन छान पडलं होतं, आणि हिनं सकाळपासून त्या गोणपाटाचा धोशा लावला होता.

स्थळ चांगलं होतं. मुलगा अनंत ठाकूर, एसटीत कंडक्टर. त्यानं मला एका हळदीत पाहिलं होतं आणि घरी जाऊन स्वतःहून विषय काढला होता. मी उजळ नाही हे मला नव्यानं कुणी सांगायची गरज नव्हती, आधीच्या दोन स्थळांनी ते सांगून झालं होतं. त्यामुळे कुणीतरी आपण होऊन विचारतोय, याचंच मला इतकं अप्रूप होतं की आठवडाभर मी घरात गाणी गुणगुणत होते. माझ्यामागे धाकटी मालन होती. माझं अडलं की तिचंही अडणार. त्या दिवशी तिला मुद्दाम मावशीकडे धाडलं होतं, कारण ती माझ्यापेक्षा गोरी होती. आमच्या आईला असले व्यवहार बरोबर कळत.

अडचण एकच. मुलाचे वडील परशुरामबुवा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंड्याचं टरफलसुद्धा नाही. आम्ही खाडीकाठची माणसं, मासळीवाचून आमचा घास उतरत नाही. बुवांनी निरोप धाडला होता, "तुमचं तुम्ही काय खाता त्याला आमचं काय म्हणणं नाय. पण आम्हाला पानात वाढाल ते चोख पाहिजे." दादांना हे आव्हानच वाटलं. पोहे-बिहे नकोत, माघ महिना आहे, शेंगा भरल्यात, पावण्यांना पोपटी खिलवू, असं त्यांनीच ठरवलं. आमच्या नेहमीच्या पोपटीत शेंगांच्या मधे कोंबडी नाहीतर अंडी जायचीच. ते मडकं बाजूला ठेवून दादांनी कुंभाराकडून कोरं मडकं आणलं. शेंगा, रताळी, वांगी, ओवा, खडेमीठ. पाण्याचा थेंब नाही. वालाच्या शेंगा स्वतःच्याच वाफेवर शिजतात. मडकं मी आणि आईनं मिळून भरलं, तोंडाशी पाल्याचा जाड बोळा दादांनी बसवला, आणि मग ते परसातल्या खळग्यात उपडं घालून भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचल्या. त्यात काय होतं आणि काय नव्हतं, हे मी आजही कुठल्याही देवासमोर सांगेन.

आता हाताचं सांगते, कारण गाव त्यासाठीच दादांना ओळखत होतं.

पूर्वी दादाही चारचौघांसारखं ओलं गोणपाट घेऊनच मडकं बाहेर काढायचे. एका थंडीत गावच्या पोपटीला मडकं काढताना काठी मोडली आणि ते तापलेलं मडकं घरंगळत पोरांच्या दिशेनं निघालं. दादांनी पुढे होऊन उजव्या पंज्यावर झेललं, आणि तसंच उचलून केळीच्या पानावर आणून ठेवलं. सगळे आ वासून बघत राहिले. "हात बघू, हिरामण! भाजला?" दादांनी हात पुढे केला. "नाय," ते म्हणाले. "काय नाय." बस्स. त्या दिवसापासून गावानं त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. हिरामणचा हात गार आहे. गावदेवीनं दिलाय. पुढल्या वर्षापासून कुठेही पोपटी लागली की मडकं काढायला दादांना बोलावणं यायचं. लोक पैजा लावायचे. एक म्हातारी तर ताप आलेल्या नातवाच्या कपाळावर दादांना हात ठेवायला लावायची. साध्या मिठागरावरच्या माणसाला आयुष्यात दुसरा कुठला मान मिळाला असता? दादा खुलले. आम्हालाही त्यांचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

नंतर चार दिवसांनी पंज्यावर फोड दिसायचे. पण मिठागरावर काम करणाऱ्याच्या हातापायाला चिरा आणि जखमा असायच्याच, त्यातले हे चार जास्त. आई रोज रात्री त्यांच्या हाताला खोबरेल चोळायची. चोळताना काही बोलायची नाही. मला वाटायचं, ती दमलेली असते.

ऊन कलतीला लागलं तेव्हा पाहुणे आले. परशुरामबुवा, त्यांची बायको द्रौपदीबाई आणि अनंत. बुवा उंच, सुकलेले, कपाळावर बुक्का. ओटीवर बसल्या बसल्या त्यांनी पाण्याचा तांब्या नाकाशी नेऊन हुंगला. मी आईकडे बघितलं. दादा मात्र मोठ्यानं हसले.

"हुंगा, बुवा, हुंगा! सगळी भांडी चिंचेनं घासून घेतल्यात. चूलसुद्धा सारवली. मडकं कोरं, पाला आज सकाळचा, शेंगा आमच्या बांधावरच्या."

"तसं नाय, मोकल," बुवा जरा ओशाळले. "एकदा एका घरी फसलोय. जिभेवर गेलं ते जन्मभर जात नाय."

"इथं फसलात तर माझी मान कापा."

द्रौपदीबाई मात्र अगदी वेगळ्या, गोल, हसऱ्या. मी पाया पडले तर त्यांनी मला हाताला धरून शेजारी बसवलं आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "पोर सावळी हाय, पण तजेला बघा. आमच्या घरात एकजण तरी हसरं येऊ दे, माझ्या जोडीला." अनंत तिकीट फाडावं तशा चटचट सुपाऱ्या कातरत होता. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि सुपारीऐवजी बोटच कातरायचा बेत केला. मी हसू दाबलं. त्यानंही दाबलं. आमचं जे काही बोलणं झालं ते एवढंच.

परसात जाळ लागला तेव्हा बुवासुद्धा सैल झाले. लहानपणी शेतावर पोपटी लावायचे, माळ घातल्यापासून कुणाच्या मडक्याचा भरवसा नाही म्हणून खाल्लीच नाही, असं सांगायला लागले. भांबुर्डीचा तो तिखट, रानटी वास सुटला तसे त्यांचे डोळे बारीक झाले. "मोकल," ते म्हणाले, "आजच तिथी काढून टाकू. शेंगा खाऊ आणि साखरपुड्याचं ठरवूनच उठू."

आई दारात उभी होती. हे ऐकून तिनं डोळे मिटले आणि पदर तोंडाशी धरला. घोडं गंगेत न्हालं, असं मला वाटलं.

जाळ बसला. दादांनी मडक्यावर पाण्याचा हबका मारला. थेंब चर्र करून जागच्या जागी उडाले. पोपटी झाल्याची ती खूण.

आई ओलं गोणपाट घेऊन पुढे आली. "धरा," ती हळूच म्हणाली.

दादांनी ते तिच्या हातून घेतलं, पावण्यांना दाखवलं, आणि लांब भिरकावून दिलं.

"बुवा, आता बघा."

डाव्या हातातल्या काठीनं त्यांनी निखारे सारले, मडकं कलतं केलं आणि उजव्या पंज्यावर घेतलं. द्रौपदीबाई "अगं बाई!" म्हणून ओरडल्या. अनंत उठून उभा राहिला. दादा मडकं पंज्यावर तोलून, खांद्याशी धरून उभे, जणू पाण्याची घागर घेऊन उभे आहेत. एरवी ते लगेच पानावर ठेवायचे. त्या दिवशी ठेवलं नाही. माझ्या भाग्याचा दिवस होता, पावणे डोळे फाडून बघत होते, आणि बुवांनी विचारलं, "चटका नाय लागत?"

"नाय," दादा म्हणाले. "आगीला भ्यायलं की आग चावते, बुवा. आपण भ्यायचंच नाय." आणि मडकं हातावर घेऊनच त्यांनी काठी मोडल्याची ती सगळी गोष्ट, रंगवून रंगवून, पहिल्यापासून सांगितली.

"खाली ठेवा," आई म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "खाली ठेवा म्हणते ना!"

"ठेवतो गं. पळतंय का मडकं?"

मग त्यांनी डाव्या हातातल्या काठीनं पाल्याचा बोळा उपसला आणि मडकं तसंच पंज्यावर कलतं करून शेंगा केळीच्या पानावर ओतल्या. हिरव्यागार, वाफाळलेल्या. मडकं त्यांनी खाली ठेवलं नाहीच. बुडाशी अडकलेली रताळी सुटावीत म्हणून ते पंज्यावरच गदागदा हलवत राहिले.

आम्ही खायला बसलो. बुवांनी पहिली शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले आणि मान डोलावली. दुसरी शेंग त्यांच्या बोटांतच राहिली.

"वास कसला येतोय?"

"भांबुर्डीचा," दादा म्हणाले.

"भांबुर्डीचा मला माहीत हाय. हा दुसरा."

द्रौपदीबाईंनीही नाक वर केलं. मग मलाही आला. भाजल्या मांसाचा. कोंबडी निखाऱ्यावर धरली की आधी पीस जळतं, मग कातडी आणि चरबी, तसा तो वास. आमच्या घरात ओळखीचा होता, म्हणून तर माझी चूक होणं शक्य नव्हतं.

बुवांनी तोंडातले दाणे पानावर थुंकले. "मोकल, ह्याच्यात कोंबडी हाय."

"काय बोलता बुवा!"

"नाक हाय मला."

"पोरीची शप्पथ घेऊन सांगतो, ह्या मडक्यात..." दादा मडकं घेऊन त्यांच्याकडे निघाले. "हे बघा, आत बघा, तळापर्यंत बघा! वालाशिवाय काय दिसलं तर मला जोड्यानं मारा!"

ते जसजसे जवळ गेले तसतसा वास वाढला. बुवा मागे सरले. आणि त्याच वेळी आई मधे घुसली. तिनं ते लांब पडलेलं गोणपाट उचललं होतं. ते तिनं मडक्यावर आणि दादांच्या हातावर एकदमच टाकलं, गोणपाटासकट मडकं ओढून घेतलं आणि उलटं निखाऱ्यावर आपटलं. मडक्याच्या ठिकऱ्या झाल्या. तळाचा पाला भसकन पेटला.

"मी घातली," आई म्हणाली.

तिनं पदर कमरेला खोचला.

"कोंबडीच्या दोन तंगड्या. पाल्यात गुंडाळून बुडाशी घातल्या होत्या. ह्यांना आवडतात म्हणून. ह्यांना ठाऊक नव्हतं, पोरीला ठाऊक नव्हतं. माझ्या एकटीचं पाप हाय."

"आई, अगं, आपण दोघींनी..." मी बोलायला गेले तर तिनं माझं मनगट इतकं घट्ट आवळलं की मी गप्प झाले.

बुवा उठले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. त्यांनी गळ्यातली माळ मुठीत धरली, परसाच्या कडेला जाऊन खळाखळा चुळा भरल्या, तेही आमच्या पाण्यानं नाही, पिशवीतून आणलेल्या त्यांच्या बाटलीतल्या. द्रौपदीबाई आईजवळ आल्या. "असं का गं केलंस, बाई?" एवढंच म्हणाल्या, अगदी कळवळून. अनंत सगळ्यात शेवटी गेला. कुडाशी थांबून त्यानं एकदा वळून बघितलं. मला वाटलं तो काहीतरी म्हणेल. वडिलांनी हाक मारली आणि तो गेला.

आम्ही तिघंच उरलो. दादा डोळे फाडून आईकडे बघत होते.

"तंगड्या?" ते म्हणाले. "कोंबडीच नाय आपल्या घरात! सगळ्या तूच मावशीकडे पोचवल्यास ना काल?"

"आत चला."

"खोटं बोललीस! माझ्या तोंडासमोर, पावण्यांसमोर! मी पोरीची शप्पथ घेतली न् तू मला खोटं पाडलंस! लगीन मोडलंस तिचं! कोन सैतान शिरला तुझ्या अंगात?"

"आत चला. हात बघू तुमचा."

"हात!" दादा ओरडले. "हात पाहिजे तुला?" आणि त्यांनी तिच्या थोबाडीत मारली.

माझ्या आयुष्यात त्यांनी आईवर हात उगारलेला मी तेवढा एकदाच पाहिला. ती हलली नाही. तिनं गालाला हातही लावला नाही. आणि दादांचा राग तिच्या गालाकडे बघता बघता एकदम विरला, कारण गालावर पाचही बोटं उठली होती, पण लाल वळांची नव्हे. काळीकुट्ट काजळी, तिच्यात ओलं रक्त, आणि एका ठिकाणी कातडीचा पापुद्रा चिकटलेला.

"अगं... तुला लागलं," दादा चाचरले. "रक्त आलं तुझ्या. मी एवढ्या जोरात..."

"माझं नाय ते," आई म्हणाली. "तुमचं हाय."

तेव्हा दादांनी आपला पंजा उलटा करून बघितला. मीही बघितला. त्याचं वर्णन मी करणार नाही. तो वास कुठून येत होता, एवढं कळायला ते पुरे होतं.

दादा कितीतरी वेळ त्या पंज्याकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसे बघत राहिले. आईनं त्यांना धरून ओट्यावर बसवलं, घमेल्यात पाणी आणलं आणि हात त्यात बुडवला. मग ती खालच्या आवाजात बोलायला लागली, हातातलं काम न थांबवता.

"गेल्या दिवाळीत विडी बोटाशी येऊन विझली, तुम्हाला कळलं नाय. मला वास आला. मग मी रात्री झोपेत तुम्हाला सुई टोचली. हललात नाय. म्हटलं, झोप गाढ आसंल. मग एकदा जागेपणी टोचली. तेल चोळताना. तुम्ही माझ्याशी मिठाच्या भावाचं बोलत होता. रक्त आलं, तरी तुम्ही मिठाच्या भावाचंच बोलत होता."

"मला सांगितलं नायस."

"काय सांगू? सगळा गाव तुमच्या हाताला देवीचा हात म्हणतो. त्यांना काय सांगू?"

"काय... काय झालंय ह्याला?"

आईनं तो शब्द उच्चारला नाही. कुणी उच्चारायची गरजही नव्हती. आमच्याच गावच्या वेशीबाहेर, बांधाखाली एक माणूस झोपडीत राहायचा, त्याची बायको-पोरं गावात राहायची आणि त्याची भाकरी दगडावर ठेवून मागे न बघता परत यायची. तेव्हा त्याला महारोग म्हणत. त्या घरातली मुलगी कुणी करून घेत नसे, सून माहेरी जात असे. त्या रोगावर औषध आहे, गोळ्यांनी तो बरा होतो, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. ते पुढे कळलं, दादांची दोन बोटं वाकून गेल्यावर. दादा बरे झाले, घरातच राहिले. माझंही लग्न झालं, उशिरा, लांबच्या गावी, आणि मालनचं थाटात झालं. आईला मात्र अख्ख्या पंचक्रोशीनं मरेपर्यंत एकाच नावानं ओळखलं. माळकऱ्याला कोंबडी चारणारी. भजनाच्या पंगतीला तिला कुणी भांड्याला हात लावू दिला नाही. तिनं एकदाही खुलासा केला नाही, आणि दादांनाही करू दिला नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी माझ्या मनात फक्त अनंतचं ते वळून बघणं होतं, आणि मी आईला विचारलं, "माझंच का मोडलंस? दुसरं काहीतरी सांगायचंस."

"दुसरं काय सांगितलं असतं तर त्यांनी हात बघितला असता," आई म्हणाली. "मग नुसतं तुझंच नसतं मोडलं. मालनचंपण मोडलं असतं. न् हे त्या बांधाखाली गेले असते." मग म्हणाली, "माझ्या नावावर काय खपतं ते मी खपवलं."

दादा हे ऐकत होते. एकाएकी त्यांनी घमेल्यातून हात ओढून घेतला आणि उठले. आई "अवो, अवो" करत मागे धावली. ते परसातल्या त्या खळग्याशी गेले, गुडघ्यांवर बसले. मडक्याच्या ठिकऱ्यांमधे निखारे अजून धगधगत होते. दादांनी आपला डावा हात पुढे केला. आगीला न भिणारा तो माणूस, निखाऱ्यापासून वीतभर अंतरावर त्याचा हात अडून राहिला होता, आणि घामानं त्याची मान चिंब झाली होती.

"नको," मी म्हणाले. "दादा, नको."

"बघू दे मला," ते म्हणाले. "हासुद्धा गेलाय का बघू दे."

त्यांनी दात आवळले आणि तळवा निखाऱ्यावर टेकवला.

"आई गं!" दादा एवढ्या मोठ्यानं किंचाळले की आंब्यावरचे कावळे उडाले. हात छातीशी धरून ते मागे कोसळले, आणि लहान मुलासारखे विव्हळायला लागले.

आई धावत जाऊन त्यांच्याजवळ मातीत बसली. तिनं तो डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"दुखतंय?" तिनं विचारलं. "खरं सांगा. दुखतंय ना?"

"दुखतंय गं," दादा रडत म्हणाले. "लय दुखतंय."

स्थळ मोडलं तेव्हा आई रडली नव्हती. थोबाडीत बसली तेव्हा रडली नव्हती. आता ती त्या हातावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागली, आणि रडता रडता पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "दुखतंय ना? अजून दुखतंय ना?"